भोगीची रात्र

१४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी आमची चांदी गेली. होलस्टीन संकरित गाय, चौथं वेत, वजन अंदाजे ५२० किलो. व्याल्याला तिला १५ तास १० मिनिटं झाली होती.

इथे दिलेल्या बहुतेक वेळा भावाच्या आणि माझ्या फोनमधल्या आहेत. काही त्याने काढलेल्या फोटोंवरून घेतल्या, काही डॉक्टरांच्या कागदावरून, उरलेल्या आईने सांगितल्या. ज्या वेळेबद्दल कुणालाच काही सांगता आलं नाही, तिथे तसं लिहिलं आहे.

गाव संगमनेर तालुक्यात, प्रवरेच्या काठी. घरी तात्या, आई, धाकटा भाऊ आणि भावजय. गोठ्यात पाच गाई. मी पुण्यात.

१४ नोव्हेंबर. ६० दिवस आधी

चांदी आटवली. वेताच्या भरात ती रोज २४ लिटर देत होती. शेवटच्या दिवशी दोन्ही वेळचं मिळून ६ लिटर निघालं. डॉक्टरांनी चारही सडांत औषधाच्या नळ्या सोडल्या, हात धुतले आणि एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या. हे तिचं चौथं वेत असणार आहे, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

भावाने कागदाची घडी केली आणि पत्र्याच्या पेटीत, पीककर्जाच्या पासबुकात ठेवली.

कागदावरची पहिली ओळ अशी होती: 'लसूणघास बंद. कॅल्शियम बंद. मका, कडबा, थोडी पेंड.'

संध्याकाळी भावाने तात्यांना हे सांगितलं. तात्या म्हणाले, "गाभणीच्या तोंडचा घास काढायचा नसतो." विषय तिथेच संपला.

२९ नोव्हेंबर. ४५ दिवस आधी

चांदीची रोजची वैरण: हिरवा लसूणघास १५ किलो, हत्तीघास १० किलो, कडबाकुट्टी ४ किलो, गोळी पेंड २ किलो. वर पातळ कॅल्शियम १०० मिली, पेंडीवर ओतून. कॅल्शियमची पाच लिटरची कॅन तात्यांनी स्वतः आणली होती. पोटातल्या वासराची हाडं धरायला हवीत, हा त्यांचा विचार. गोठ्यातल्या बाकीच्या चार गाईंपेक्षा चांदीवर जास्त खर्च होत होता.

पंधरा किलो हिरव्या घासातलं पाणी वजा केलं की सुमारे तीन किलो सुकी वैरण उरते. तेवढ्यातूनच ४० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम पोटात जातं. कॅनमधलं वेगळं.

गाईच्या हाडांत सहा किलोहून जास्त कॅल्शियम साठलेलं असतं. रक्तातून मात्र एका वेळी तीन ग्रॅमसुद्धा फिरत नाही. साठ्याची किल्ली गळ्यातल्या परावटू ग्रंथींकडे असते. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की या ग्रंथींचं संप्रेरक हाडांना कॅल्शियम सोडायला लावतं आणि मूत्रपिंडाला ते राखायला. त्याच हुकमाने मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाचं कामाचं रूप तयार होतं, मग आतडं वैरणीतून जास्त कॅल्शियम ओढू लागतं. ही सगळी यंत्रणा जोरात यायला दोन-तीन दिवस लागतात.

चांदीच्या ग्रंथींना साठ दिवस काही कामच पडलं नाही. कॅल्शियम रोज आयतं गव्हाणीत येत होतं.

दुसरी गोष्ट पालाशची, म्हणजे पोटॅशियमची. लसूणघासात ते भरपूर, भरघोस खत-पाणी दिलेल्या हत्तीघासातही भरपूर. त्याने रक्त अल्कधर्मी बाजूला झुकतं, आणि तसं झालं की ग्रंथींनी हुकूम सोडला तरी हाडं आणि मूत्रपिंड तो नीट ऐकत नाहीत. शिवाय पालाश कोठीपोटातून मॅग्नेशियम शोषू देत नाही. मॅग्नेशियम कमी पडलं तर ग्रंथींचा हुकूम मुळात सुटतच नाही.

हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी आईने फोनवर सांगितलं की चांदीची कांती बघण्यासारखी झाली आहे.

२३ डिसेंबर. २१ दिवस आधी

कागदावरची दुसरी ओळ: 'शेवटचे २१ दिवस अॅनायोनिक मिक्स्चर, मॅग्नेशियम, अ-ड-ई. दर आठवड्याला लघवी तपासणे.'

अॅनायोनिक म्हणजे क्लोराइड आणि सल्फेटचे क्षार. पालाश रक्त ज्या बाजूला ओढतं, त्याच्या उलट बाजूला हे क्षार ओढतात. १९६० आणि ७० च्या दशकांत नॉर्वेतल्या एंडर, डिशिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण गाईंच्या वैरणीवर प्रयोग करून दाखवलं की व्यायच्या आधी वैरण आम्लधर्मी ठेवली तर व्याल्यावर गाय बसत नाही. क्षार बरोबर लागू पडलेत की नाही हे तपासायला कागदाची एक पट्टी पुरते. हिरव्या वैरणीवरच्या गाईच्या लघवीचा सामू ८ च्या वर असतो. या क्षारांवर तो ६ ते ६.८ मध्ये यायला हवा. आठच्या वरच राहिला, तर व्यायच्या आधी आठवडा-दोन आठवडे हातात असतात.

अ-ड-ई चा हिशेबही अवघड नाही. ५०० किलोच्या आटवलेल्या गाईला दिवसाला जीवनसत्त्व अ ५५,००० एकक, ड १५,००० आणि ई ८०० एकक लागतं. जोडीला चिमटीतही न येण्याइतकं थोडं सेलेनियम. ई आणि सेलेनियम कमी पडलं की वार अडकते, कासेला सूज धरते. हे सगळं पावडरच्या पिशवीतून येतं आणि पेंडीत मिसळून जातं.

भाऊ त्या दिवशी पेंड आणायला संगमनेरला गेला होता. पिशवी दुकानात होती. दुकानदाराने सांगितलं की कडू असते, काही गाई पेंडच सोडतात. भावाने पुढच्या खेपेला न्यायची ठरवली.

पुढची खेप ११ जानेवारीला झाली. गाडीत सरकी पेंड होती आणि भोगीचा बाजार होता.

३ जानेवारी. १० दिवस आधी

संध्याकाळी ५.४६ चा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. चांदी गोठ्याबाहेर उन्हात उभी. कास भरलेली, सड ताठ, पाठ सपाट. पाठीवरून हात फिरवला तर कणा लागत नव्हता. शेजारचे एक पाहुणे म्हणाले होते, अशी गाय पंचक्रोशीत नाही. मी फोटोला अंगठा पाठवला.

१३ जानेवारी, भोगी. पहाटे ५.३०

चांदीने पेंड अर्धी ठेवली. शेपटीच्या बुडाजवळचं मोकळं झालं होतं. आज व्यायची, हे आईने ओळखलं.

दुपारी ३.४०

व्याली. कालवड. कुणाला हात लावावा लागला नाही. चांदी उभी राहिली आणि वासराला चाटू लागली. भावाने पाठवलेल्या फोटोत तिचे कान ताठ आहेत, नाकावर दव आहे.

४.१०

कालवडीला बाटलीने दोन लिटर चीक पाजला. पहिल्या तासाच्या आत. हे बिनचूक झालं.

४.४५

उरलेला चीक काढला. ९ लिटर. वासराचा धरून ११. कास पूर्ण रिकामी केली, शेवटच्या धारेपर्यंत.

कागदावरची तिसरी ओळ: 'व्याल्यावर पहिले दोन दिवस कास पूर्ण मोकळी करू नये. वासरापुरतं आणि थोडं वर.'

एक लिटर चिकात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. अकरा लिटरचे बावीस ग्रॅम. रक्तात एका वेळी फिरणाऱ्या कॅल्शियमच्या सात-आठ पट. ते कासेने याआधीच रक्तातून ओढून घेतलं होतं. कास रिकामी झाल्यावर ती पुन्हा भरायला लागली, म्हणजे पुन्हा ओढायला लागली.

संध्याकाळी ६.००

भोगीची बाजरीची तीळ लावलेली भाकरी, मिसळीची भाजी. चुलीवर दोन पातेल्यांत खरवस. गूळ, वेलदोडा. भावजयीने सात डबे भरले आणि भावकीत पाठवले. दोन लिटर चीक उद्याच्या पाजणीसाठी फ्रिजमध्ये ठेवला.

रात्री ८.००

कास पुन्हा ताठ दिसली. गाईला जड होत असेल म्हणून आणखी ४ लिटर काढला. व्याल्यापासून १५ लिटर. कॅल्शियम तीस ग्रॅम.

८.४०

आईला पहिलं काही दिसलं. चांदी मागचे पाय सारखे बदलत होती. एकावर भार टाकी, मग दुसऱ्यावर. कान फडफडत होते. पाठीवर हात ठेवला की अंग थरथरे. दात खाल्ल्याचा आवाज येत होता.

आई म्हणाली, "पाय बदलतीय बघ." भाऊ म्हणाला, "व्यालीय आई, दमलीय."

ही पहिली पायरी. ती सहसा तासाभरात संपते. गाय उभी असते, गिळू शकते. या तासात तोंडातून दिलेलं कॅल्शियम उपयोगी पडतं. डॉक्टर आले तर एक बाटली पुरते.

कॅल्शियमची कॅन गोठ्याच्या फळीवर होती. तळाला अर्धा लिटर शिल्लक होतं. दुपारी व्याल्यापासून ती कुणी उचलली नव्हती. ती वासराच्या हाडांसाठी होती आणि वासरू बाहेर आलं होतं.

९.३०

वार पडलेली नाही. आता सगळ्यांचं लक्ष वारीकडे. तात्या कंदील घेऊन मागे उभे राहिले. चांदीने घास तोंडात घेतला आणि चावता चावता सोडून दिला. नाक कोरडं पडलं होतं. व्याल्यापासून तिने शेण टाकलं नव्हतं. मागे उभं राहून वारीची वाट पाहणाऱ्या तिघांपैकी कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

वारही त्याच कारणाने अडते. गर्भाशय हा स्नायू आहे. आकसायला त्याला कॅल्शियम लागतं.

१०.१५

चांदी बसली. बसताना मागचा भाग आधी खचला, मग पुढचा. कोबा गार होता. भावाने पाठीवर दोन पोती टाकली. उजवा मागचा पाय अंगाखाली गेला होता.

भावजय म्हणाली, कान गार लागतात. जानेवारीचे दिवस होते, सगळ्यांचेच कान गार होते.

१०.४०

तात्यांना आजाराचं नाव ठाऊक होतं. तरुणपणी त्यांनी एक म्हैस अशीच बसलेली पाहिली होती. ते म्हणाले, "दुग्धज्वर तर नाही ना? ताप बघा."

भावाने थर्मामीटर लावला. ९९.१ अंश फॅरेनहाइट. गाईचं नेहमीचं तापमान १०१.५ च्या आसपास असतं.

ताप नाही. घरात सगळ्यांना बरं वाटलं.

या नावाबद्दल इथे थांबून लिहायलाच हवं, कारण चांदीच्या बाबतीत ज्याने शंका घेतली त्यालाच नावाने चकवलं. दुग्धज्वरात ज्वर नसतो. मराठीत नाही, ज्या इंग्रजी नावावरून हा शब्द पडला त्यातही नाही. गाय उलट गार पडत जाते. जुन्या काळी युरोपात हा आजार कळायला लागला तेव्हा बाळंतरोगांच्या ओळीत त्याला बसवलं आणि ज्वर चिकटला तो चिकटलाच. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या कोल्डिंग गावातले पशुवैद्य युर्गेन श्मिट यांना वाटलं की कासेत विष तयार होतं. त्यांनी सडांतून कासेत औषधाचं पाणी सोडलं आणि मरायला टेकलेल्या गाई उठल्या. पुढे लक्षात आलं की औषधाची गरजच नाही, कासेत नुसती हवा भरली तरी गाय उठते. भरलेल्या कासेत दूध उतरत नाही, म्हणून रक्तातलं कॅल्शियम ओढलं जात नाही. हे कारण १९२५ च्या सुमारास उलगडलं, स्कॉटलंडमधल्या ड्रायर आणि ग्रेग यांनी कॅल्शियमकडे बोट दाखवलं तेव्हा. तेव्हापासून उपाय माहीत आहे. नाव बदललं नाही. आपल्या गोठ्यांमध्ये 'गाय बसली' म्हणतात, ते जास्त खरं आहे.

९९.१ हा आकडा भावाने मला पाठवला नाही. काळजीचं काही नव्हतं.

११.१०

चांदीने मान वळवून डोकं कुशीवर टेकवलं. मानेला नागमोडी बाक आला होता. आई म्हणाली, झोपली. दिवा मालवला.

निरोगी गाईही कधी कधी अशी झोपते. हाक मारली की ती डोकं उचलते. त्या वेळी कुणी हाक मारली नाही.

११.५२

भावाला झोप लागेना. त्याने मला फोन केला. माझा फोन आवाज बंद करून उशाशी ठेवलेला होता. रिंग ३४ सेकंद वाजली. त्याने पुन्हा केला नाही.

१४ जानेवारी. रात्री १२ ते २.४०

या वेळात गोठ्यात कुणी गेलं नाही. नोंद नाही.

काय होत होतं ते शास्त्र सांगतं. रक्तातलं कॅल्शियम सुदृढ गाईत शंभर मिलीला साडेआठ ते दहा मिलिग्रॅम असतं. बसलेल्या गाईत ते साडेपाचाच्या खाली गेलेलं असतं, आणि उपाय नसेल तर उतरत राहतं. स्नायू आकसत नाहीत. कोठीपोट थांबतं, पण त्यातलं आंबणं थांबत नाही, वायू साठतो. ढेकर देता येत नाही. हृदय जोराने मारू शकत नाही म्हणून भराभर मारतं. पाव टनाहून जास्त भार एका मांडीवर, खाली कोबा. चार-सहा तासांत दबलेल्या स्नायूला आणि नसेला इजा व्हायला लागते. त्यानंतर कॅल्शियम भरून आलं तरी पाय साथ देतील याची खात्री नसते.

गाय या सगळ्यात हंबरत नाही. तेवढी ताकद नसते. म्हणून कुणाला जाग आली नाही.

पहाटे २.४०

आई उठली. डावी भकाळी फुगून कण्याच्या वर आली होती. डोळे उघडे, बाहुल्या मोठ्या. विजेरीच्या उजेडात पापणी हलली नाही.

२.५५

पोट फुगलंय म्हणून ओव्याचा काढा आणि गोडं तेल केलं. एक लिटर. भावाने तोंड वर धरलं, तात्यांनी बाटलीने पाजलं. चांदीला दोनदा ठसका लागला. निम्मं बाहेर आलं.

गिळणं हेसुद्धा स्नायूंचं काम आहे. जे बाहेर आलं नाही, ते सगळं पोटात गेलं नाही.

३.३५

भावाने शेजारच्या गावातल्या एकाला फोन केला. तो डॉक्टर नाही, पण बाटल्या लावतो. डॉक्टर १४ किलोमीटरवर होते, हा तीनवर. रात्री कुणाला उठवायचं, हा निर्णय या आकड्यांवर झाला.

४.२५

तो आला. कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीची बाटली मोटारसायकलच्या डिकीतून निघाली, थंडगार. मानेच्या शिरेत सुई, बाटली हात उंच करून धरलेली. चार मिनिटांत संपली.

ही बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट करून, दहा-पंधरा मिनिटं घेऊन, हृदयावर नळी ठेवून ऐकत ऐकत द्यायची असते. कॅल्शियम भरकन गेलं तर हृदय थांबतं. चांदीचं थांबलं नाही.

४.४७

या वेळचा फोटो आहे. चांदीने डोकं उचललं आहे. अंगावर थरथर आली, ढेकर आला, थोडं शेण पडलं. कॅल्शियम लागू पडल्याची ही पाठ्यपुस्तकातली खूण. आईने देवाला हात जोडले.

तो माणूस म्हणाला, दोन तासांत उठेल, आणि पाच मिनिटांत निघून गेला. वेळेवर बाटली लागलेल्या चारांपैकी तीन गाई खरंच दोन तासांत उठतात. त्यातल्याही काही दिवसभरात पुन्हा बसतात आणि दुसरी बाटली लागते. चांदीची बाटली ती बसल्यावर सहा तासांनी लागली होती. कासेत नवं दूध उतरतच होतं.

५.१२

मला जाग आली, चुकलेला कॉल दिसला. भावाला फोन लावला. बोलणं १ मिनिट ४० सेकंदांचं.

तो म्हणाला, "दादा, बाटली लावलीय, डोकं वर केलंय तिनं. डॉक्टरांना बोलवू का?"

मी म्हणालो, "उजाडू दे. सणाचा दिवस आहे, आत्ता नको त्रास द्यायला."

५.२०

उठवायचं ठरलं. छातीखालून दोर, एकाने शेपूट धरली. दोनदा गुडघ्यांपर्यंत आली. तिसऱ्यांदा घसरली आणि उजव्या अंगावर आडवी झाली. डोकं कोब्यावर आपटलं.

आडवी पडलेली गाय लगेच सावरून छातीवर बसवायची असते आणि दोन्ही बाजूंनी भुसकटाची पोती टेकवायची असतात. आडवं पडलं की वायू कोंडतो, फुगलेलं पोट फुप्फुसावर दाबतं. पोती गोठ्यातच होती. ती तिच्या अंगावर थंडीसाठी टाकली होती.

५.५५

भावाने डॉक्टरांना फोन केला. दुसऱ्या रिंगला उचलला. कधी बसली, एवढंच त्यांनी विचारलं. रात्री सव्वादहाला, हे ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत. निघतो म्हणाले.

६.२२

डॉक्टर पोचले. त्यांच्या कागदावरच्या नोंदी: तापमान ९६.४. नाडी हाताला लागत नाही. हृदयाचा ठोका क्षीण, मिनिटाला १२० च्या वर. बाहुल्यांना उजेडाची जाणीव नाही. उजव्या फुप्फुसात घरघर. पोट तट्ट.

त्यांनी चौघांना लावून तिला छातीवर घेतलं, पोती टेकवली, घशातून नळी घालून वायू काढला. बाटली बादलीतल्या कोमट पाण्यात ठेवली. एका हाताने हृदयावर नळी धरून दुसऱ्या हाताने बाटली सोडली. थेंब थेंब.

भावाने मला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गव्हाणीत उभा केला. मला गोठ्याचं छप्पर दिसत होतं.

६.५०

बाटलीत निम्म्याहून जास्त उरलं होतं. डॉक्टरांनी कानातली नळी काढली.

७.३०

भावजयीने फ्रिजमधला दोन लिटर चीक कोमट केला आणि कालवडीला पाजला. कालवड सगळा प्यायली.

९.००

खरवसाचे डबे परत यायला लागले. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. दुपारपर्यंत सातही आले. सातांतही तिळगूळ होता.

दुपारी ३.४०

चांदी व्याल्याला चोवीस तास झाले. विम्याचा कागद शोधायला भावाने पत्र्याची पेटी उघडली. पासबुकातून १४ नोव्हेंबरचा कागद पडला. त्याने त्याचा फोटो काढून मला पाठवला. पहिल्या तीन ओळी वर लिहिल्या आहेत. चौथी अशी:

'व्याल्यावर कान गार लागले किंवा गाय बसली तर ताप बघत बसू नका. सकाळची वाट पाहू नका. रात्री कितीही वाजता फोन करा.'

खाली त्यांचा नंबर होता. त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.